आधी काटा, मग हवा

धान्याच्या आडतीत चाळीस वर्षे घालविलेल्या माणसाची एक सवय सुटता सुटत नाही. समोर पोते आले की त्याची नजर प्रथम काट्याकडे वळते. पोते केवढे दिसते, हमाल किती वाकला, माल आणणारा काय सांगतो, या सर्व गोष्टी नंतरच्या. काट्याने जे सांगितले तेच वहीत उतरते. ही सवय दुकानापुरतीच उपयोगाची, असे घरातील तरुण मंडळींना वाटते. परंतु महामार्गावर धावणाऱ्या गाडीतही ती तितकीच मोलाची ठरते. ते कसे, हे समजण्यासाठी एका कुटुंबाची कल्पना करावी.

सांगलीकडील एक वयस्क आडत व्यापारी, बाजारपेठेत सर्वांचे अण्णा, पत्नीसह मुलाकडे अमेरिकेस गेले आहेत. मुलगा ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी राहतो. त्याने जुनी परंतु सुस्थितीतील एक मोटारहोम विकत घेतली आहे. पुढे छोट्या ट्रकसारखा चेहरा, मागे पेटीसारखे घर. आत ओटा, शेगडी, फ्रिज, झोपण्याच्या जागा आणि स्नानगृह. आई-वडिलांना प्रवासातही घरचे जेवण मिळावे, दिवस मावळण्यापूर्वी पाने वाढता यावीत, हा विचार त्यामागे होता. परंतु पहिल्याच सहलीत रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर गाडीने असे दणके दिले की आईंची जुनी कंबरदुखी उफाळून आली. "ग्रँड कॅनियनला तुम्ही सगळे जाऊन या. मी घरी थांबते," असे त्यांनी सांगून टाकले.

ज्यांच्यासाठी गाडी घेतली त्याच घरी राहणार, याचे मुलाला वाईट वाटले. त्याला एका परिचिताने सल्ला दिला, "सहाही टायरांत ऐंशी पौंड हवा आहे. पासष्टवर आण, गाडी मऊ चालेल." त्या सायंकाळी मुलगा हवा मोजण्याचा गेज घेऊन चाकाजवळ बसला. अण्णा शेजारी उभे होते. त्यांनी विचारले, "गाडीचे वजन किती आहे?" मुलाला सांगता येईना. अण्णा एवढेच म्हणाले, "अरे, वजन ठाऊक नाही, मग हवा किती लागते हे कशावरून ठरवलेस?"

मोटारहोमच्या सुखकर प्रवासासंबंधी जे काही सांगण्यासारखे आहे, त्याचा आरंभ या प्रश्नापासून होतो.

घर वाहणारा ट्रक

घरच्या मोटारीत कधी एकटा चालक असतो, कधी पाच माणसे आणि सामान असते. तिची स्प्रिंग या बदलत्या भारासाठी मऊ ठेवलेली असते. मोटारहोमची गोष्ट निराळी आहे. तिच्या पाठीवर भिंती, छप्पर, कपाटे, पलंग, पाण्याच्या टाक्या यांचा भार रात्रंदिवस असतो. गाडी अंगणात उभी असली तरी तिच्या स्प्रिंगा आणि टायर काम करीतच असतात. म्हणून तिच्याखालील सांगाडा मालवाहू गाडीचा असतो आणि चालही मालवाहू गाडीचीच असते.

अमेरिकेत अशा गाड्यांचे तीन मुख्य प्रकार मानतात. बससारखी सलग बांधणीची ती ए वर्गाची, बंदिस्त व्हॅनमध्येच घर बसविलेली ती बी वर्गाची, आणि व्हॅनचा पुढचा भाग ठेवून मागे घर उभारलेली ती सी वर्गाची. कुटुंबे भाड्याने घेतात किंवा प्रथम विकत घेतात ती बहुधा सी वर्गाची असते. तिच्याखाली पुष्कळदा फोर्ड कंपनीचा ई-४५० हा सांगाडा असतो. त्याला पुढे वेटोळ्याच्या स्प्रिंगा आणि मागे ट्रकप्रमाणे पाटे असतात. पुढच्या आसावर दोन टायर आणि मागच्या आसावर जोडीजोडीने चार, असे सहा टायर मिळून सर्व भार पेलतात. माल भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक यांच्या चालीतील फरक ज्यांनी बाजारपेठेत पाहिला आहे, त्यांना या पाट्यांचा स्वभाव सांगावयास नको. ते भार उचलण्यासाठी बनविलेले असतात. कंबर सांभाळणे हे त्यांचे मूळ काम नव्हे.

भार कोण उचलतो?

टायर म्हणजे रबर, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः गाडीचा भार रबर उचलीत नाही, आत कोंडलेली हवा उचलते. रबर, दोरे आणि पोलादी तारा मिळून त्या हवेची थैली तयार होते. हवेच्या टायरचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले, पण ते काळाच्या ओघात मागे पडले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसविले आणि जग हवेवर चालू लागले. टायरचा जन्मच मुळी दणके कमी करण्यासाठी झाला. त्यामुळे हवा आणखी कमी केली तर दणके आणखी कमी होतील, हा विचार वरवर पटतो.

घोटाळा येथेच होतो. हवा कमी झाली की टायर जमिनीपाशी अधिक पसरतो आणि त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात. या आकाराचा टायर ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावताना मिनिटाला सातशेहून अधिक फेरे घेतो. लोखंडी तार बोटांनी पुनःपुन्हा वाकविली की वाकण्याच्या जागी ती गरम होते आणि शेवटी तुटते. टायरच्या भिंतीचेही तसेच आहे. ही उष्णता आतल्या आत साचते. बाहेरून काही दिसत नाही. रबर आणि पोलादी पट्टे यांचा सांधा सैल होत जातो आणि एके क्षणी वरचा थर सोलून निघतो. त्या वेळी गाडी वाळवंटातील रस्त्यावर असते, आत मुले पत्ते खेळत असतात.

हवेच्या काही पौंडांचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे अमेरिकेने २००० साली पाहिले. फायरस्टोन कंपनीने त्या वर्षी सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. त्यांतील बरेचसे फोर्ड कंपनीच्या एक्स्प्लोरर या गाडीला बसविलेले होते. अनेक माणसे दगावली. सरकारी तपासात टायरांच्या रचनेतील आणि निर्मितीतील दोष पुढे आला. परंतु त्या गाडीसाठी फोर्डने सुचविलेला २६ पौंडांचा दाब पुरेसा होता की ३० हवा होता, यावरही दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. चार पौंडांचा हा वाद होता. मुलगा पंधरा पौंड सोडावयास निघाला होता.

त्या पंधरा पौंडांच्या बदल्यात मिळणार तरी काय होते? रस्त्यावरील बारीक भेगा आणि खडी यांची थरथर थोडी कमी झाली असती. पुलाच्या सांध्यावरचा किंवा खड्ड्यातला मोठा दणका जवळजवळ तसाच राहिला असता, कारण तो टायरपेक्षा पाटे आणि शॉकॲब्सॉर्बर यांच्या अखत्यारीतील आहे. लाभ थोडा आणि जोखीम मोठी, असा हा सौदा होता.

भुईकाट्यावर

दुसऱ्या दिवशी बापलेक गाडी घेऊन महामार्गावरील ट्रकथांब्यावर गेले. अमेरिकेत अशा थांब्यांवर कॅट स्केल या नावाचे भुईकाटे असतात. काट्याचे फलाट वेगवेगळे असल्याने पुढच्या आसाचे, मागच्या आसाचे आणि एकूण असे वजन स्वतंत्रपणे छापून मिळते. जाण्यापूर्वी अण्णांनी एक अट घातली होती. सहलीला निघताना जे जे गाडीत असेल, ते सर्व भरावयाचे. पाण्याची टाकी भरली, इंधन भरले, डाळ-तांदूळ, पिठाचे डबे, कुकर, अंथरूण-पांघरूण ठेवले आणि सर्व माणसेही बसली. रिकाम्या गाडीचे वजन करणे म्हणजे पोत्याचे बारदान तोलून माल तोलल्याचे समाधान मानणे होय.

काट्याची पावती अशी निघाली असे समजावे: पुढच्या आसावर १,९५० किलो, मागच्या आसावर ४,२९० किलो, एकूण ६,२४० किलो. चालकाच्या दारापाशी असलेल्या पट्टीवर या गाडीची मर्यादा पुढे २,२७०, मागे ४,३५० आणि एकूण ६,५८० किलो अशी दिलेली होती. एकूण वजन मर्यादेत होते, मात्र मागच्या आसावर अवघी साठ किलोंची जागा उरली होती.

आता टायरचा हिशेब पाहावा. या गाडीवर २२५/७५ आर १६ या मापाचे, ई श्रेणीचे टायर होते. या मापाचा टायर एकटा असताना ८० पौंड दाबाला १,२१५ किलो भार घेतो. जोडीत असताना १,१२० किलो घेतो. दाब ६५ पौंडांवर आणला तर हेच आकडे अनुक्रमे १,०६० आणि ९७५ किलो होतात. जोडीतील टायरांची क्षमता कमी धरण्याचे कारण असे, की रस्ता मध्ये उंच असला किंवा एका टायरची हवा किंचित उतरली, की भार दोघांत सारखा वाटला जात नाही.

मागच्या चार टायरांत ६५ पौंड हवा ठेवली असती, तर त्यांची एकत्र क्षमता ३,९०० किलो झाली असती. वर भार होता ४,२९० किलो. म्हणजे जवळजवळ चार क्विंटलची तूट. ८० पौंडांना हीच क्षमता ४,४८० किलो होते, म्हणजे १९० किलो शिल्लक राहतात. शिवाय डावी आणि उजवी बाजू सारखी जड असतेच असे नाही. एका बाजूला ओटा, फ्रिज आणि टाकी आली, की त्या बाजूची शिल्लक आणखी घटते. म्हणून शक्य असेल तेथे प्रत्येक बाजूचे वजन वेगळे करून घ्यावे आणि जड बाजूच्या हिशेबाने त्या आसावरील सर्व टायरांत सारखी हवा ठेवावी.

परिचिताचा सल्ला ऐकला असता, तर मागचे चारही टायर क्षमतेपेक्षा अधिक भार घेऊन उन्हाळी रस्त्यावर धावले असते. काट्याच्या एका पावतीने ते टळले.

त्या पावतीने एक छोटा लाभही दिला. दारावरील पट्टीत मागे ८० आणि पुढे ७५ पौंड असे लिहिलेले होते. आधीच्या मालकाने टायरच्या भिंतीवरील कमाल आकडा पाहून सहाही टायरांत ८० भरली होती. पुढच्या टायरांवरील भार बेताचा असल्याने तेथे ७५ ठेवण्यास काहीच हरकत नव्हती. तेवढ्याने सुकाणूही थोडे निवांत झाले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. भिंतीवरील आकडा त्या टायरच्या कमाल भारासाठी असतो, दारावरील आकडा त्या गाडीसाठी असतो. काट्याची पावती आणि टायर कंपनीचा तक्ता हाती असल्यावाचून दारावरील आकड्याच्या खाली जाऊ नये. शंका असेल तर तोच आकडा पाळावा. हवा गरजेपेक्षा अधिक भरणेही हिताचे नाही. त्याने टायर मध्येच झिजतो, जमिनीवरील पकड घटते आणि दणके वाढतात.

सकाळची थंड हवा

हे सर्व आकडे थंड टायरचे असतात. थंड म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या, ऊन न लागलेल्या गाडीचे टायर. गाडी धावू लागली की हवा तापते आणि दाब वाढतो. हा वाढ गृहीत धरूनच तक्ते केलेले असतात. म्हणून दुपारी पेट्रोलपंपावर गेज ९० दाखवितो हे पाहून हवा सोडणे ही घातक चूक होय. रात्री टायर निवला की तीच हवा अपुरी ठरते.

ऐंशी पौंडांच्या टायरमध्ये दर दहा अंश सेल्सिअसला सुमारे तीन पौंडांचा फरक पडतो. फिनिक्समध्ये सकाळी वीस अंश तापमानात हवा भरली आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंच असलेल्या ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर पहाटे शून्य अंशाची थंडी पडली, तर केवळ थंडीमुळे सहा पौंडांच्या आसपास दाब उतरतो. उंचीवर बाहेरची हवा विरळ असल्याने गेज त्यातील काही भाग भरून निघालेला दाखवितो, तरी तूट राहतेच. म्हणून मुक्कामाच्या प्रत्येक सकाळी निघण्यापूर्वी गेज लावण्याची सवय ठेवावी. दुकान उघडताच गल्ला मोजावा, तशी ही गोष्ट अंगवळणी पडली पाहिजे.

जोडचाकांत आतील टायरकडे विशेष लक्ष द्यावे. तो डोळ्यांआड असतो. त्याची हवा पूर्ण गेली तरी बाहेरचा टायर दोघांचे ओझे घेऊन उभा राहतो आणि पाहणाऱ्यास सर्व ठीक दिसते. आपल्याकडील ट्रकचालक लोखंडी कांब आपटून आवाजावरून अंदाज घेतात. पूर्ण बसलेला टायर त्या आवाजाने कळतो. दहा-पंधरा पौंडांची तूट मात्र कळत नाही. तेथे गेजच हवा, आणि आतील टायरपर्यंत गेज पोहोचावा म्हणून व्हॉल्व्हला मजबूत नळी जोडून घ्यावी.

नव्या मोटारींत हवा कमी झाल्यास दिवा लागतो. २००० सालच्या त्या घटनेनंतर अमेरिकेत कायदा झाला आणि पुढे हलक्या वाहनांना ही यंत्रणा सक्तीची झाली. परंतु सुमारे ४,५०० किलोंहून अधिक क्षमतेची आणि मागे जोडचाके असलेली वाहने त्या सक्तीतून वगळलेली आहेत. म्हणजे ज्या गाडीला त्याची अधिक गरज, तिलाच तो दिवा बहुधा नसतो. व्हॉल्व्हच्या टोपणाऐवजी बसविता येणारे संवेदक बाजारात मिळतात. ते दाब आणि उष्णता दोन्ही सांगतात. सुखसोयीच्या इतर वस्तूंपूर्वी ते घ्यावेत.

टायरचे वयही पाहावे. मोटारहोम वर्षातील पुष्कळ दिवस उभीच असते. त्यामुळे तिच्या टायरांची नक्षी नव्यासारखी राहते आणि रबर मात्र ऊन, उष्णता व काळ यांमुळे आतून म्हातारे होते. टायरच्या भिंतीवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे. दहा वर्षांनंतर टायर कितीही चांगला दिसो, तो ठेवू नये.

दणका कोणता, उपाय कोणता

हवा योग्य झाली, तरीही आईंची कंबर दुखतेच आहे. आता चाकांवरील यंत्रणेकडे वळावे. येथेही खरेदीपूर्वी निदान हवे. प्रत्येक तक्रारीचे औषध वेगळे असते.

बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणारी उभी कंपने सर्वांत अधिक जाणवतात. आरामशीर मोटार सेकंदाला एक-दीड वेळा, झोपाळ्यासारखी हलते आणि शरीर ते सहन करते. कठीण पाट्यांची मालवाहू गाडी त्याहून जलद हलते आणि खालून येणारी थरथर वर पोहोचू देते. कंबरेला होणारा जाच यातूनच येतो.

दणका बसल्यानंतर गाडी दोन-तीन वेळा डोलत राहत असेल किंवा प्रत्येक सांध्यावर कडक आघात होत असेल, तर प्रथम शॉकॲब्सॉर्बर पाहावेत. शॉक भार उचलीत नाही. त्याच्या आत तेल असते. ते बारीक झडपांतून जाताना हालचालीची शक्ती उष्णतेत बदलते आणि डोलणे थांबते. तेल गळाले किंवा झडपा झिजल्या की स्प्रिंग मोकाट सुटते. चांगल्या प्रतीच्या काही शॉकांत झडपा अशा योजलेल्या असतात की जलद, तीक्ष्ण दणक्याला त्या सैल पडतात आणि संथ डोलण्याला घट्ट धरतात. जुन्या गाडीत सर्वांत कमी कष्टांत सर्वांत अधिक आराम देणारा बदल बहुधा हाच ठरतो. त्याबरोबर पाट्यांच्या टोकांची आणि इतर सांध्यांची रबरी बुशे झिजली असल्यास बदलावीत. लोखंडावर लोखंड आपटत असेल तर कोणताही शॉक पुरा पडत नाही.

वळणावर गाडी एका बाजूला झुकत असेल, किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की हेलकावत असेल, तर त्यासाठी दोन्ही बाजूंना जोडणारा पोलादी दांडा, म्हणजे अँटी-रोल बार, अधिक जाड बसवितात. तो उभे दणके कमी करीत नाही. एकाच बाजूचे चाक खड्ड्यात गेले तर तो उलट दुसऱ्या बाजूलाही हिसका पोहोचवितो. म्हणून गरजेपेक्षा जाड दांडा घेऊ नये.

गाडी सरळ रस्त्यावर भरकटत असेल आणि चालकाला सतत सुकाणू सावरावे लागत असेल, तर चाकांची दिशा जुळवून घ्यावी. हे काम गाडी नेहमीच्या सामानाने भरलेली असताना करवावे. रिकाम्या गाडीवर जुळविलेले कोन भरल्यावर बदलतात.

मागचा भाग दबून बसत असेल, तर पाट्यांना साहाय्य म्हणून हवेच्या पिशव्या किंवा लवचिक पॉलियुरेथेनचे ठोकळे बसविता येतात. पिशव्यांत बाहेरून हवा कमी-अधिक करता येते, डावी-उजवी उंची सारखी करता येते. परंतु त्यांनी गाडीची मान्य भारक्षमता एका किलोनेही वाढत नाही. आस, ब्रेक आणि टायर तेच राहतात. पिशवी फुगवून गाडी सरळ दिसू लागली म्हणून अधिक सामान भरणे, ही फसवणूक स्वतःचीच होय. पिशव्यांत फार हवा भरली तर दणके पूर्वीपेक्षाही वाढतात. मऊपणासाठी पाट्यांतील एखादे पान काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये.

हवेवर बसविलेली गाडी

मूळ बांधणीतच हवेची स्प्रिंग असेल तर चित्र पालटते. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या बसगाड्यांनी हा मार्ग आधी धरला. ग्रेहाउंडची १९५४ सालची प्रसिद्ध सीनिक्रुझर बस हवेच्या स्प्रिंगांवर धावत असे. पुढे जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात स्वतःची मोटारहोम बनविली. तिची ओढ पुढच्या चाकांना होती, त्यामुळे मागे जाणारा दांडा नव्हता आणि घराची जमीन खूप खाली आणता आली. मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाके आणि त्यांच्या भुजांमध्ये हवेची पिशवी, अशी तिची रचना होती. बनणे थांबून इतकी दशके लोटली, तरी तिचे शौकीन तिला जपून चालवितात. आज मागे डिझेल इंजिन असलेल्या मोठ्या मोटारहोममध्ये हवेची स्प्रिंग सर्रास आढळते. मात्र तिचा देखभालीचा खर्चही मोठा असतो. ज्यांना वर्षातून दोन-तीन सहली करावयाच्या आहेत, त्यांनी आपल्या गाडीत योग्य हवा, चांगले शॉक आणि बेताचे सामान एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

भार कोठे, बैठक कोठे

सामान किती यापेक्षा ते कोठे ठेवले, हेही महत्त्वाचे असते. मोटारहोमचा बराच भाग मागच्या चाकांच्याही मागे लोंबत असतो. त्या टोकाला जड पेट्या भरल्या की तराजूच्या दांडीप्रमाणे पुढचा आस हलका होतो आणि सुकाणूची पकड सुटते. जड वस्तू खाली आणि दोन्ही आसांच्या मध्ये ठेवाव्यात. वरच्या फळ्यांवर केवळ कपडे असावेत. पाणी एका लिटरला एक किलो भरते. दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीड क्विंटल. वाटेत पाणी मिळणार असेल, तर टाकी पूर्ण भरून नेण्याचे कारण नाही.

माणसांनाही हाच नियम लागू आहे. मागच्या टोकाला बसणाऱ्यास प्रत्येक दणका दुप्पट वाटतो, कारण तो भाग फळीच्या टोकासारखा उडतो. पहिल्या सहलीत आईंना आराम मिळावा म्हणून घरच्यांनी त्यांना मागच्या पलंगावर निजविले होते. प्रेमापोटी केलेली ही सोयच त्यांना बाधली. धावत्या गाडीत पलंगावर निजणे सुरक्षितही नसते. दोन्ही आसांच्या मध्ये, पुढे तोंड असलेल्या आसनावर, पट्टा बांधून आणि कंबरेला उशी देऊन बसणे हे त्यांच्यासाठी सर्वांत चांगले. यासाठी एक पैसाही लागत नाही.

आपल्या रस्त्यांवर

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, त्यामुळे अशा गाड्या आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. परंतु हा हिशेब केवळ मोटारहोमपुरता नाही. उन्हाळ्याच्या सुटीत नातेवाईक मिळून मिनी-बस ठरवितात, छतावर बॅगा, मागे फराळाचे डबे आणि पाण्याचे कॅन चढतात. निघताना गाडी धुतली आहे का, गाणी वाजतात का, पडदे आहेत का, हे सर्व पाहिले जाते. टायरवरील चार आकडे किती जण वाचतात? जोडचाकातील आतील टायरला गेज लागला का, हे किती जण विचारतात? घरातील ज्येष्ठ व्यक्तीने निघण्यापूर्वी चालकाला हे दोन प्रश्न नम्रपणे विचारावेत. चांगल्या चालकाला त्याचा राग येत नाही. आणि वाटेत गाडी फार दणके देते म्हणून कोणी हवा सोडावयास सांगू लागला, तर त्याला अण्णांचा प्रश्न विचारावा.

अण्णांच्या घरी पुढे काय घडले असेल, हे सांगणे कठीण नाही. मागच्या टायरांची हवा ऐंशीच राहिली, पुढची पंचाहत्तर झाली. झिजलेले शॉक बदलले. पिठाचा मोठा डबा घरी राहिला, पाण्याची टाकी अर्धी भरली. सुनेने मधल्या आसनावर उशी ठेवली आणि म्हणाली, "आई, आता येथे बसून तर पाहा." वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आत ठेवायचा, असेही ठरले. गाडी मोटारीइतकी मऊ झाली नाही, होणारही नव्हती. पण दर दोन तासांनी थांबत, पाय मोकळे करीत आई ग्रँड कॅनियनच्या काठापर्यंत पोहोचल्या.

काट्याची पावती मुलाने गाडीच्या कागदपत्रांत, विम्याच्या कागदाशेजारी ठेवली. पुढच्या वेळी सामान बदलले की वजन पुन्हा करावयाचे आहे.